‘काकू, कोणाला सांगणार नसाल तर सांगते’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नागपूरची. वय 61, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. घराजवळच्या मैदानावर खो-खोचं एक जुनं मंडळ आहे. नात तिथे खेळते आणि माझे दीर मंडळाचे सचिव आहेत. मागच्या दिवाळीनंतर कार्यकारिणीत ठरलं की मुलामुलींना मनातलं सांगता यावं म्हणून एक ‘विश्वासू संपर्क व्यक्ती’ नेमायची. ‘वहिनी, तुम्ही तसंही रोज संध्याकाळी येताच,’ असं म्हणत दिरांनी माझं नाव लिहूनही टाकलं. साहित्याच्या खोलीच्या दारावर फलक लागला. त्यावर माझं नाव, मोबाइल नंबर आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्व काही गोपनीय’. आठ महिन्यांत एकच फोन आला, तोही गॅस सिलिंडरवाल्याचा, चुकून.

गेल्या आठवड्यात पावसामुळे सराव थांबला. शेडखाली उभी होते तेव्हा एक मुलगी जवळ आली. वय 15. म्हणाली, ‘काकू, कोणाला सांगणार नसाल तर सांगते.’ मी म्हटलं, ‘नाही सांगत गं, बोल.’ प्रशिक्षक सर तिला रात्री साडेअकरा-बाराला मेसेज करतात. आधी सरावाबद्दल असायचं, मग ‘झोपली का’, ‘खोलीत एकटीच आहे का’, आणि आता फोटो मागतात. मांडीचा स्नायू ओढला होता तेव्हा साहित्याच्या खोलीत दार लोटून ‘मालिश करून देतो’ म्हणाले. ती बाहेर पळाली. पुढच्या महिन्यात निवड आहे आणि शब्द सरांचाच चालतो. ‘आईला कळलं तर माझं खेळणंच बंद होईल’ म्हणून तिनं मला शपथ घातली.

सर वीस वर्षांपासून मुलं घडवताहेत. दिरांचे ते मित्र. माझ्याकडे पुरावा काहीच नाही. आणि मी शब्द दिला आहे. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. काय करू?

– एक काकू

*

काकू,

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला होता. असं पत्र सदराच्या पाळीची वाट बघत टेबलावर पडून राहू शकत नाही. फोनवर जे घाईत बोललो त्यावर तुम्ही दुसऱ्याच दिवशी पावलं उचललीत, म्हणून आज हे छापता येतं आहे. तुम्ही आणि मुलीच्या आईनं होकार दिल्यावरच छापते आहे. खेळ मी बदलला आहे आणि आणखीही दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत, तेव्हा खो-खोवाल्यांनी आपल्या मैदानावर अंदाज बांधत बसू नये. तक्रारीचं पुढे काय झालं याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही. पण त्या दिवशी फोनवर तुम्ही तीनदा एकच वाक्य म्हणालात, ‘मी त्या पोरीचा शब्द मोडला.’ आज त्यावर बोलायचं आहे. शिवाय तुमच्यासारख्या अनेक काकू, मावश्या आणि निवृत्त सर आता मंडळामंडळांत याच कामावर नेमले जाताहेत. त्यांनाही फलक आणि नंबर यापलीकडे कोणी काही सांगितलेलं नाही.

आधी त्या शब्दाचं बघू. तो तुम्ही द्यायलाच नको होता. कडू वाटेल, पण शिक्षिकेला शिक्षिकेसारखंच सांगते. शेडखाली पाऊस कोसळत असताना, समोर पोर रडवेली असताना, कोणीही तेच म्हणालं असतं. मीही म्हणाले असते. पण फलकावर ‘सर्व काही गोपनीय’ लिहिणाऱ्यानं तुम्हाला आधीच खोटं पाडून ठेवलं होतं. ‘गोपनीय’ म्हणजे ज्याला कळणं गरजेचं आहे त्यालाच कळेल, चहाच्या टपरीवर नाही, नातेवाइकांत नाही, कार्यकारिणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. ‘कोणालाच कळणार नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. अठराच्या आतलं मूल लैंगिक त्रासाबद्दल सांगतं तेव्हा ‘कोणालाच नाही’ हा पर्याय ऐकणाऱ्याकडे उरतच नाही.

कारण कायदा. 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याचं 19 वं कलम म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती आहे, त्या कोणाही व्यक्तीनं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. ‘कोणाही’ हा शब्द नीट वाचा. त्यात तुम्ही आलात, तुमचे दीर आले, आणि पत्र उघडल्याक्षणी मीही आले. न कळवणाऱ्याला 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. तुमच्या दिरांना ‘मित्राला वाचवतो’ असं वाटत असेल तर त्यांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा.

तुम्ही लिहिलंत, ‘पुरावा काहीच नाही.’ पुरावा गोळा करणं तुमचं कामच नाही, काकू. इथे बहुतेक सगळे अडकतात, विशेषतः ज्यांनी शाळा चालवली आहे ते. वर्गात भांडण झालं की तुम्ही दोन्ही बाजू उभ्या करायच्यात, चार साक्षीदार विचारायच्यात आणि मधल्या सुट्टीच्या आत निकाल लावायच्यात. त्या सवयीनं इथे गेलात तर घात होईल. सरांना ‘जरा सहज’ विचारलंत तर ते त्या रात्री सगळे मेसेज पुसतील आणि सकाळी त्या मुलीला गाठतील. दोघांना समोरासमोर बसवलंत, तर पंधरा वर्षांची पोर वीस वर्षांच्या नावलौकिकासमोर काय बोलणार? ती म्हणेल, ‘माझाच गैरसमज झाला.’ मग सगळे सुटकेचा श्वास टाकतील आणि कोणीतरी तर्री पोहे मागवेल.

अमेरिकेत लॅरी नासर नावाचा जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता. 1990 च्या दशकातच काही मुलींनी मोठ्या माणसांना त्याच्याबद्दल सांगितलं होतं. त्या मोठ्यांनी मनातल्या मनात खटला चालवला आणि त्याला निर्दोष सोडलं. एवढा नावाजलेला डॉक्टर, उपचारच करत असेल, पोरींना कळलं नसेल. 2016 मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. 2018 मध्ये शिक्षा सुनावली गेली तेव्हा न्यायालयात दीडशेहून अधिक मुली आणि बाया बोलायला उभ्या होत्या. मधल्या दोन दशकांत त्याच्या टेबलावर जाऊन पडलेल्या प्रत्येक मुलीचा हिशेब त्या पहिल्या ऐकणाऱ्यांकडेही जातो असं माझं मत आहे.

सर दोषी आहेत असं मी म्हणत नाहीये. ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. ते पोलीस आणि न्यायालय बघेल. तपास होईपर्यंत त्यांनी मैदानापासून दूर राहणं ही शिक्षा होत नाही. आणि तुमची माहिती पुढे खरी ठरली नाही, तरी ती चांगल्या हेतूनं दिली असेल तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. 19 व्या कलमातच ते लिहिलेलं आहे. मुलानं दिलेली माहिती खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा नाही. ‘काहून डोक्याला ताप करून घेता, उद्या उलटलं तर?’ असं म्हणणारे भेटतातच, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

मग शब्दाचं काय करायचं? फोनवर सांगितलं तेच. मुलीकडे परत जायचं, आणि पोलिसांकडे जाण्याच्या आधी. तिला पाठीमागून काही कळू द्यायचं नाही. तुम्ही तिला जे म्हणालात ते तुम्ही मला नंतर सांगितलंत. ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे, कारण माझ्या सुचवण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं. ‘बाळा, मी तुला चुकीचं बोलले. हे माझ्या एकटीच्या पोटात राहू शकत नाही, आणि राहूही नये. पण तुला न सांगता मी कुठे जाणार नाही. आईला आपण दोघी मिळून सांगू. तू बोल किंवा मी बोलते, तू फक्त शेजारी बस.’ ती पाच मिनिटं तुमच्याशी बोलली नाही. मग विचारलं, ‘आई मारेल का?’ तुम्ही म्हणालात, ‘मी मध्ये बसते.’ आणि खरोखर दोघींच्या मध्ये बसलात, त्यांच्या स्वयंपाकघरात, पाटावर, गुडघे दुखत असताना.

काकू, ज्या शब्दासाठी तुम्ही रडताय तो तिनं त्याच संध्याकाळी परत दिला होता तुम्हाला.

आता ऐकण्याबद्दल. या कामातलं सगळ्यात अवघड तेच, आणि सभेत त्यावर कोणी मिनिटभरही बोलत नाही. मूल सांगत असतं तेव्हा आपल्या तोंडून आपोआप ‘का’ निघतो. ‘तू तेव्हाच का नाही ओरडलीस?’ ‘इतके दिवस का नाही सांगितलंस?’ ‘सरांना उत्तरं का देत होतीस?’ आपल्याला वाटतं माहिती घेतोय. तिला ऐकू येतं, ‘चूक तुझी.’ त्यामुळे ‘का’ गिळायचा. ‘मग?’ एवढं पुरतं. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ हेही पुरतं. तपशील उकरायचे नाहीत. तिला तेच पुन्हा पोलिसांपुढे आणि पुढे कदाचित न्यायालयात सांगायचं आहे. आपल्या कुतूहलापायी तिसऱ्यांदा कशाला?

घरी आल्यावर लिहून ठेवायचं. तुम्ही मला दाखवलेल्या वहीतलं पान छान होतं, फक्त एक दुरुस्ती. तुम्ही लिहिलं होतं, ‘मुलगी अत्यंत घाबरलेली, सरांचं वर्तन आक्षेपार्ह.’ हे प्रगतिपुस्तकातलं मराठी झालं. त्याऐवजी दिवस, वेळ आणि तिचेच शब्द लिहा. ‘बुधवार, संध्याकाळी 5.40, शेड. म्हणाली: सर बोलले, खोलीत एकटीच आहे का. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.’ दिसलं आणि ऐकलं तेवढंच. आपला निष्कर्ष नको. वही एकच असावी, कपाटात, कुलपात. मंडळाच्या रजिस्टरात यातलं काही जाता कामा नये.

मेसेजचंही तसंच. ते तिच्या मोबाइलवर जसे आहेत तसेच राहू द्यायचे. ती घाबरून पुसायला निघाली तर थांबवायचं. पण ते आपल्या मोबाइलवर मागवायचे नाहीत, आणि ‘हे बघा काय प्रकार आहे’ म्हणून कोणाला पुढे ढकलायचे तर नाहीतच. त्यात मुलीचा तसला फोटो असेल तर तो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असो. मोबाइल पोलिसांच्या हाती द्यायचा.

पोलीस म्हटलं की तिच्या आईचा चेहरा पांढरा पडला असं तुम्ही सांगितलंत. पडणारच. आपल्याकडे मुलगी ठाण्याची पायरी चढली की गल्लीतला एकूणएक पडदा सरकतो. म्हणून हे माहीत असावं, की मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो निदान फौजदाराच्या (उपनिरीक्षकाच्या) दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांना चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. मुलीचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, तिची ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. आणि 26 व्या कलमात तर तुमच्यासाठीच ठेवल्यासारखी एक जागा आहे. जबाब आईवडिलांच्या किंवा ‘ज्या व्यक्तीवर मुलाचा विश्वास आहे’ तिच्या उपस्थितीत घ्यायचा. तुम्ही त्या दिवशी तिथे बसलात त्या याच नात्यानं. ठाण्यात जायला जीव धजत नसेल तर 1098 आहे, मुलांची हेल्पलाइन. दिवसरात्र, फुकट. तिथून पुढची वाट लावून देतात.

दिरांना कधी सांगायचं यावर आपला फोनवर वाद झाला. तुमचं म्हणणं, ‘सचिवांना डावलून कसं जाऊ? घरचा माणूस आहे.’ घरचा आहे म्हणूनच, काकू. आधी मुलगी, मग आई, मग पोलीस. त्यानंतर मंडळ, आणि तेही अध्यक्षांना, एवढंच की तक्रार झाली आहे, तपास होईपर्यंत सरांनी मुलांपाशी येऊ नये. मुलीचं नाव नाही. रविवारी जेवायला बसल्यावर दिरांनी ‘कोण पोरगी गं ती?’ विचारलं, तेव्हा तुम्ही वरण वाढत राहिलात हे ऐकून मला फार बरं वाटलं. हे सोपं नसतं. सासरच्या माणसाला उत्तर न देणं आपल्या पिढीला कुठल्या पदवीत शिकवलेलं नाही.

पण म्हणूनच सांगते, या जागी तुम्ही राहू नये. म्हणजे तुम्ही राहा, पण सचिवांची वहिनी म्हणून एकट्या नको. विचार करा, त्या मुलीला दिरांबद्दलच काही सांगायचं असतं तर ती तुमच्याकडे आली असती का? मी शाळेत होते तेव्हा (शाळेचं नाव राहू द्या) व्यायामशाळेच्या भिंतीवर पत्र्याची तक्रारपेटी होती. किल्ली ज्यांच्याकडे होती त्याच सरांबद्दल मुलींना बोलायचं होतं. वर्षअखेर पेटी उघडली तेव्हा आतून संत्रागोळ्यांचे कागद आणि सिटी बसचं एक तिकीट निघालं, आणि सरांनी प्रार्थनेच्या वेळी माइकवरून जाहीर केलं, ‘यंदाही एकही तक्रार नाही!’ आम्ही टाळ्या वाजवल्या. तुमच्या फलकावरचे ते शांत आठ महिने वाचले आणि मला ती पेटी आठवली. फोन येत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे असं नसतं. किल्ली कोणाकडे आहे ते पोरं बरोबर ओळखतात.

तेव्हा दोघं हवेत. एक बाई, एक पुरुष. निदान एक जण तरी असा, ज्याचं मंडळात ना पद, ना मूल, ना नातं. पुरुष का, तर मुलांनाही हे घडतं. पोक्सोत मुलगा-मुलगी असा भेद नाही. बारा वर्षांचा पोट्टा काकूंकडे येऊन असलं काही बोलेल ही शक्यता फार कमी, तो सराव सोडून देईल आणि घरी सांगेल, ‘मला कंटाळा आला.’ उत्तम खेळणारं पोर अचानक मैदान सोडतं तेव्हा त्याच्या घरी एक चक्कर मारावी.

इंग्लंडमध्ये क्लबांना हे शहाणपण ठेच लागून आलं. तिथला पॉल हिक्सन, ऑलिम्पिक जलतरणपटूंचा प्रशिक्षक, 1995 मध्ये मुलींवरच्या अत्याचारांसाठी 17 वर्षं तुरुंगात गेला. त्यानंतर 2001 मध्ये खेळातल्या बालसंरक्षणासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि आज तिथे साध्या क्लबातही याच कामासाठी नेमलेला माणूस असतो. नेदरलँड्समध्येही तशीच विश्वासाची संपर्क व्यक्ती असते. तिचं काम ऐकायचं, वाट दाखवायची आणि योग्य दारापर्यंत सोबत करायची. न्याय करायचा नाही. आपण नाव तिथून उचललं आणि कामाचं स्वरूप तिथेच सोडून आलो.

आपल्याकडे नियम नाहीत असं मात्र नाही. पोक्सोच्या 2020 च्या नियमांत क्रीडा अकादमींचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो की कंत्राटी, ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. पुढच्या सभेत विचारा, ‘आपल्या तिन्ही प्रशिक्षकांची शेवटची पडताळणी कधी झाली?’ मग सभागृहातला पंख्याचा आवाज ऐका. मुलगी अठराच्या वरची असेल, समजा वीस वर्षांची सहायक प्रशिक्षिका, तर 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे. त्यातल्या ‘कामाच्या ठिकाणा’त क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे सगळं येतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर मंडळाची स्वतःची अंतर्गत समिती हवी. नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. पण तिथे निर्णय त्या बाईचा. तिच्या वतीनं तुम्ही धावत सुटायचं नाही. हा फरक पक्का लक्षात असू द्या. सज्ञान बाईनं ‘सध्या कोणाला सांगू नका’ म्हटलं, तर साधारणपणे खरंच सांगायचं नाही.

आणि सगळंच काही पोलिसांचं नसतं. तुमच्याकडे उद्या एखादी येईल ती ‘ताई माझ्या वजनावरून हसतात’ म्हणून. एखादा येईल, ‘मला दोन वर्षं राखीव खेळाडूच ठेवलंय.’ एखादीची पाळी सुरू आहे आणि सूर मारायचा सराव नको म्हणायची तिला लाज वाटते. यातली दहापैकी नऊ कामं चहाच्या कपावर मिटतात आणि मिटवावीत. गोपनीय या शब्दाचा खरा उपयोग इथेच आहे. हे छोटं सांगायला जी पोर एकदा आली, तीच मोठं सांगायला परत येते.

ती पोर निवडीला एवढी का घाबरते हेही समजून घ्या. घाबरट आहे म्हणून नाही. आपल्याकडे जिल्हा, विभाग, राज्य अशी एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. आई चार घरची पोळ्यांची कामं करते त्या घरात त्या एका कागदाची किंमत काय असते ते आपल्याला कळणार नाही. तो कागद ज्याच्या सहीवर अडतो त्याचा रात्री साडेअकराचा मेसेज न उघडणं तिला परवडत नाही. मंडळ खरोखर काही करू इच्छित असेल तर निवडीत एकट्याचा शब्द चालू देऊ नका, त्यासाठी तीन माणसं बसवा आणि निकष भिंतीवर लावा. सरावाचे निरोप पालकांच्या ग्रुपवरच द्या, मुलांना वेगळे नाहीत. मालिश, पट्टी, काहीही असो, दार उघडं. साहित्याच्या खोलीची ती कडी तर आजच काढून टाका, त्याला सभेचा ठराव लागत नाही.

भेटायला जागा कुठली, हेही तुम्ही विचारलं होतं. बंद खोली नको, तुमच्याही भल्यासाठी. सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा हवी. रेशीमबागेत पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक आहे, भरल्या मैदानाच्या कडेचा बाक हा नागपुरातला सगळ्यात एकांताचा कोपरा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, ठरलेल्या वेळी तिथे बसा. हातात विणकाम असलं तर उत्तमच. पोरांना डोळ्यांत न बघणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

तुमची झोप राहिली. चार रात्री म्हणालात, आता अकरा झाल्या असतील. हे ओझं घरात कोणाला सांगता येत नाही आणि मैत्रिणींत तर नाहीच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर याचसाठी आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि मुलीचं नाव न घेता स्वतःबद्दल बोलायचं आहे असं सांगितलं की पुरतं. आपण कोणाला तरी सांगा म्हणतो आणि स्वतः मात्र गिळून बसतो, हा आपला जुना खाक्या.

फलक उतरवू नका. ‘सर्व काही गोपनीय’ यावर रंगाचा एक हात मारा आणि त्या जागी लिहा: ‘ऐकून घेऊ. तुला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही. तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मात्र मोठ्यांना सांगावं लागेल, आणि तेव्हा तुझ्यासोबत असू.’ पेंटर अक्षरांचे पैसे जास्त घेईल. घेऊ द्या.

आणि काकू, तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, त्या मुलीचं पहिलं नाव राहून गेलं होतं. मी ते काळ्या शाईनं खोडलं आणि पान उजेडाला धरून पाहिलं, तर अजूनही वाचता येत होतं. म्हणून तेवढा तुकडा कापून जाळला आहे. तुमच्या वहीतही एकदा बघून घ्या, आणि पुढचं पत्र लिहाल त्यात तिला ‘ती’ म्हणा.